स्प्रिंगफील्ड बुद्रुक, स्प्रिंगफील्ड खुर्द

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

अडकले! सकाळी दारात ब्रीड. आमची शेजारीण — आणि गावच्या हॉलच्या कमिटीची सेक्रेटरी, खजिनदार आणि सैन्य, सगळं एकटीच. हॉलचं छप्पर गळतंय, म्हणून पुढच्या महिन्यात टेबल क्विझ. चौघाचौघांची टेबलं, फेरीला दहा प्रश्न, मध्ये सँडविच, शेवटी रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत. आयर्लंडात छप्पर गळलं की आधी गवंडी बोलवत नाहीत, क्विझ घेतात.

"सुमेधा, तू लेखिका ना? एक फेरी तुझी."

मी वर्षाकाठी दिवाळी अंकांत चार विनोदी लेख लिहिते, म्हणजे मला जगातलं सगळं ठाऊक असतं असा ब्रीडचा समज आहे. तो मोडला नाही. माझ्याविषयी चांगले समज असणारी माणसं आधीच कमी.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळींतर्फे हर्षवर्धनने फेरी काढली होती — रणजी ट्रॉफी! अख्ख्या एनिस गावाचे कागद कोरे. एका म्हाताऱ्याने दहाही उत्तरं 'कलकत्ता' अशी लिहिली, त्याला एक मार्क मिळाला. तो अजून रस्त्यात हर्षवर्धनचा हात हातात घेऊन आभार मानतो.

७ ऑक्टोबर, सोमवार

विषय सापडला. अमेरिकेतली एकाच नावाची गावं.

इथे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे, तेव्हा कागद कोरे येणार नाहीत. सुरुवात घरापासून केली. एनिस नावाचं गाव टेक्ससमध्ये आहे आणि एक मोंटॅनात. ब्रीडला फोनवर सांगितलं तर आनंदाने किंचाळली. मग पुढचं वाचलं — दोन्ही नावं एनिस आडनावाच्या माणसांवरून, आमच्या गावाशी संबंध नाही.

"म्हणजे आम्ही नाहीच?"

"नाही."

"मग तो प्रश्न नको घालूस, लव्ह."

अमेरिकन लोकांचं एक कळत नाही. नावं संपली तर संपली, आमच्यासारखं करावं! आमच्याकडे वडगावं काय थोडी आहेत? पण मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द, मामला मिटला. यांनी नुसतं स्प्रिंगफील्डवर स्प्रिंगफील्ड रचलंय. कुठल्या नावाची गावं सर्वांत जास्त, यावर याद्यांचीच आपसांत मारामारी — एक म्हणते वॉशिंग्टन, दुसरी म्हणते फ्रँकलिन, तिसरी रिव्हरसाइड. तेव्हा 'सर्वांत जास्त' विचारायचं नाही. आमच्या क्लेअर काउंटीची माणसं वाद घालायला तिकीट काढून येतात.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहिताना एक गोष्ट गाळली. 'प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत.' आमच्याही घरातलं आहे.

लेक, पूर्वा, जूनमध्ये गेली. लिमरिकला आर्किटेक्चर संपवलं, वर्षभराचा व्हिसा मिळाला, शिकागोतल्या एका ऑफिसात कामाला. निघायच्या सकाळी बॅग दाराशी, नवरा, सारंग, गाडी काढतोय, आणि मी काय बोलावं? — "जा बाई, राहा तिकडेच. किल्ली ठेव त्या खिळ्यावर. तुझी खोली भाड्याने देते हॉस्पिटलातल्या एखाद्या नर्सला."

आता, माझ्या माहेरी याचा अर्थ 'जाऊ नकोस गं' असाच होतो. पार्ल्यात आमच्या घरी सरळ बोलणारा माणूस आजारी समजत. सारंगला कळलं, तो गाडीत हसला. पण पूर्वा चार वर्षांची असल्यापासून इथे. मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. शब्द कळतात — शब्दांच्या पाठीमागे आई उभी असते, ती दिसत नाही.

तिने जुडग्यातून किल्ली काढली, खिळ्यावर टांगली. "ग्रँड," म्हणाली.

या देशात 'ग्रँड' म्हणजे ठीक, छान, नको, पुरे आणि यापुढे बोलू नकोस. शॅनन विमानतळावर अमेरिकेचा शिक्का इथेच मारून देतात, म्हणजे क्लेअरमध्येच अमेरिका सुरू होते. आमच्यात त्याहून अलीकडे सुरू झाली, खिळ्यापासून.

तेव्हापासून मी विचारते "कशी आहेस?", ती लिहिते "ग्रँड".

आणि आता तिच्या बापाकडून कळतंय — ऑफिसने विचारलंय, वर्ष झाल्यावर आणखी दोन वर्षं राहतेस का. १५ नोव्हेंबरपर्यंत सांगायचंय.

मला तिने विचारलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

श्रीखंड मीच केलं, मीच खाल्लं. सारंग पथ्यावर आहे — म्हणजे माझ्यासमोर.

तो अंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन चमकला. मी काही चोरून बघत नाही. फोन माझ्या दिशेने पडला होता. पूर्वा: 'न्यू अॅड्रेस, बाबा. २१४ वॉलनट स्ट्रीट, स्प्रिंगफील्ड.'

शिकागोहून बदली झालेली दिसते. शिकागो इलिनॉयमध्ये, स्प्रिंगफील्ड इलिनॉयची राजधानी. जवळच पाठवली. माझं भूगोलाचं ज्ञान या आठवड्यात भलतंच तेज आहे!

ठरवलं. फराळ पाठवायचा. कोणाला सांगायचं नाही. सारंगला सांगितलं की पाच मिनिटांत पूर्वाला कळतं, त्या माणसाच्या पोटात फक्त जेवण राहतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

चकल्या झाल्या. पहिला घाणा हसला, दुसरा रडला, तिसऱ्याला शिस्त आली. बेसनाचे लाडू, चिवडा, मेतकूट — तिला मऊ भातावर लागतं — आणि उटण्याची पुडी. पुड्यांवर नावं घातली, मराठीत. वाचायला येतं तिला, अडखळत. अडखळू दे.

आणि लाडवांच्या डब्यात अगदी तळाशी, कागदात गुंडाळून, किल्ली. खिळ्यावरची.

चिठ्ठी नाही. चिठ्ठीत मी काहीतरी विनोदी लिहिलं असतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

पोस्टात दिलं. पिन कोड नेटवर बघून घातला — स्प्रिंगफील्ड, इलिनॉय, वॉलनट स्ट्रीट. काउंटरवरची बाई म्हणाली, "पत्ता नीट आहे ना, लव्ह?"

मला हसू आलं. एकदा नंदावन्संनी, सारंगच्या बहिणीने, पुण्याहून राखी पाठवली होती. त्यावर पत्ता — 'सारंग, लाल दाराचं घर, दवाखान्याच्या पुढे, एनिस'. चार दिवसांत दारात! पोस्टमन म्हणाला, "दुसरं कोण असणार?" अशा गावात राहून पत्त्याची काळजी कोण करतो?

२१ ऑक्टोबर, सोमवार

आज सापडलेली रत्नं:

पोर्टलंड, ऑरेगन — दोघा मालकांनी नाणं उडवलं. एक बॉस्टनचा, एक पूर्वेकडच्या पोर्टलंडचा. पोर्टलंडवाला जिंकला. नाणं उलटं पडतं तर आज तिकडे दुसरं बॉस्टन असतं. आमच्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते, तीही साधारण इतपतच विचार करते.

लास व्हेगास — न्यू मेक्सिकोतलं थोरलं, नेवाडातलं जुगारी धाकटं. धाकट्याने नाव कमावलं आणि थोरल्याला आता ओळख सांगावी लागते. घरोघरी.

ब्रिस्टल — मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची सीमा. एक फुटपाथ व्हर्जिनियात, दुसरा टेनेसीत. सासू-सुनेसाठी आदर्श.

आणि शेवटचं — न्यूयॉर्क राज्यात, पार उत्तरेला, बॉम्बे नावाचं गाव आहे! वसवणारा कोण? मायकल होगन नावाचा दर्यावर्दी — आणि तो आमच्या क्लेअरचा! बायको मुंबईकडची, तिच्यापायी गावाला हे नाव दिलं म्हणतात. माणसाचे बाकीचे धंदे वाचले तर आरती ओवाळावीशी वाटत नाही. पण क्लेअर ते मुंबई ते अमेरिका — मी पार्ल्याची, क्लेअरमध्ये, पोर अमेरिकेत — माझं अख्खं घर दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी नकाशावर लिहून ठेवलेलं!

पूर्वाला सांगायला फोन उचलला. ठेवला. आधी फराळ पोचू दे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दार बदललं. लाल दारातून वारा यायचा, आणि नवीन दाराला सरकार अनुदान देतं, म्हणजे सारंगच्या मते न बदलणं हा देशद्रोह. आता करडं दार. नंदावन्संनी यापुढे राखीवर काय लिहायचं?

तीन किल्ल्या मिळाल्या. एक त्याची, एक माझी. तिसरी प्रेसमध्ये ठेवली, साखरेच्या डब्यामागे. कपाटाला प्रेस म्हणायला लागून मला आता किती वर्षं झाली, देव जाणे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

काल हॅलोविनची पोरं दारात. एका भुताने चकली घेतली, एका चेटकिणीने परत केली.

पूर्वाचा मेसेज: 'हॅपी दिवाली, बोथ.' बास. फराळाचं अक्षर नाही. पोचला असेल, पंधरा दिवस झाले. किल्ली बघितली असेल. आणि वर 'हॅपी दिवाली, बोथ'.

ठीक आहे. ग्रँड.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

क्विझ. हे सगळं आत्ताच लिहून काढलं नाही तर उद्या मी ते गमतीदार करून टाकीन.

हॉल भरलेला, छप्पर गळतंय, खाली बादली — बादलीलाही एक टेबल क्रमांक द्यावा असं हर्षवर्धनचं मत. माझी फेरी चौथी. माइक माझ्या हातात. पोर्टलंडच्या नाण्याला टाळ्या, ब्रिस्टलच्या फुटपाथाला हशा. बॉम्बेला तर — "तो माणूस कोणत्या काउंटीचा?" म्हटल्यावर अख्खा हॉल एकसुरात "क्लेअर!" उत्तर कोणालाच माहीत नव्हतं. इथे दुसरं उत्तर देण्याची पद्धत नाही.

मग दहावा. स्प्रिंगफील्ड. "तीसहून जास्त राज्यांत या नावाचं गाव आहे. पाच राज्यं सांगा." सगळ्यांच्या माना खाली, पेनं सुरू. तेवढ्यात पुढच्या टेबलावरून ब्रीड, मोठ्याने:

"आणि तुमची पूर्वा कुठल्या स्प्रिंगफील्डला, सुमेधा?"

"इलिनॉय," मी माइकमध्ये.

"मिझुरी," सारंग आपल्या जागेवरून.

हॉल हसला. त्यांना वाटलं, ठरवून केलंय. दोन-तीन टेबलांनी दोन्ही राज्यं लिहून घेतली.

सँडविचच्या वेळी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"मिझुरी कधी झालं?"

"पहिल्यापासून. तिकडच्या कामावर पाठवलीय तिला, शाळेची इमारत आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. तू रुसली होतीस ना? तुझ्या रुसव्यात मी कधी बोलतो का मध्ये?"

पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आज्ञाधारकपणा दाखवला, तोही इथे!

तरी विचारलं, "वॉलनट स्ट्रीट?"

"हो. तू कसा वाचलास पत्ता?"

वॉलनट स्ट्रीटही दोन्हीकडे आहे. या लोकांकडे रस्त्यांचीही नावं संपली होती.

म्हणजे माझी पोर एका स्प्रिंगफील्डला, लाडू दुसऱ्या. नकाशा काढून बघितलं — मिझुरीतलं वस्तीने मोठं, इलिनॉयमधलं राजधानी असून लहान. पोर बुद्रुकला, फराळ खुर्दला. आणि माझ्या घराची किल्ली कोणा अनोळखी माणसाच्या हातात.

आमचं टेबल शेवटून दुसरं आलं. रॅफलमध्ये सारंगला हॅम मिळाला.

१० नोव्हेंबर, रविवार

ईमेल! पोस्टाच्या फॉर्मवर माझा ईमेलचा पत्ता होता. बाईंचं नाव डार्लीन, एकट्या राहतात, कुत्र्यांचे केस कापण्याचा धंदा. लिहितात (माझं भाषांतर):

'प्रिय सुमीडा, पेटी आली तेव्हा वाटलं बहिणीने वाढदिवसाचं पाठवलंय, नाव न बघताच उघडली, माफ कर. ते गोल काटेरी बिस्किट बिअरबरोबर अप्रतिम. पिवळी पावडर अंघोळीला वापरली, कोपरं अशी मऊ झाली आहेत की काय सांगू. दुसरी, सुगंधी, सूपमध्ये घातली. सूप थोडं साबणासारखं लागलं. ते तसंच असतं का?'

मेतकूट लावून बाई अंघोळ करतेय आणि उटणं पितेय!

पुढे: 'लाडवांच्या डब्याच्या तळाशी एक किल्ली निघाली. दात थोडक्यात वाचला. तुमच्याकडे अशी प्रथा आहे का? आता ही कोणाला देऊ?'

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचंच असावं.

११ नोव्हेंबर, सोमवार

फोन केला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी. तिचं इंग्रजी, माझं मराठी, नेहमीप्रमाणे.

"अगं, तुझा फराळ भलत्याच स्प्रिंगफील्डला गेला."

"व्हॉट फराळ?"

सगळं सांगितलं. मेतकुटाची अंघोळ सांगितली. आणि ते हसू — पोटातून, घोड्यासारखं, माझ्या आईचं! ब्रीडला भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल.

मग हसू थांबलं.

"आय थॉट यू वेअर स्टिल क्रॉस, आई. चैत्रालीमावशी अँड हर्षवर्धनकाका सेंट मी देअर्स. यूअर्स डिडन्ट कम. सो आय थॉट, राइट, दॅट्स दॅट."

"म्हणजे?"

"आय टोल्ड देम ऑन फ्रायडे. द टू इयर्स. आय सेड येस."

शुक्रवारी. मी माइकमध्ये 'इलिनॉय' म्हणत होते, तेव्हा.

तोंडात काय काय आलं. 'राहा तिकडेच'चे दहा प्रकार आले, सगळे चांगले जमलेले. एकही बाहेर काढला नाही.

"ग्रँड," मी म्हणाले.

"ग्रँड यू आर," ती म्हणाली.

किल्लीचं बोललेच नाही. हो म्हणून झाल्यावर किल्लीचं काय बोलायचं?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डार्लीनबाईंना लिहिलं: लाडू संपवा. पिवळं भातावर घ्या, सुगंधी अंगाला लावा. किल्ली मिझुरीला पाठवा — आणि पूर्वाचा पत्ता दिला, या वेळी राज्यासकट, सारंगकडून तपासून.

परत मागवणार होते आधी. पण दोन वर्षं राहो नाहीतर वीस, किल्ली घराची असते, मुक्कामाची नसते.

(वाक्य बरं आहे. कुठल्याही अंकाला द्यायचं नाही.)

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्वाकडून फोटो. तळहातावर किल्ली. खाली शब्द नाही.

मीही नुसतं हृदय पाठवलं. सारंग म्हणाला, "तुला ते बटण सापडलं?"

१० डिसेंबर, मंगळवार

ख्रिसमसला येत नाहीये. तिकिटं महाग, सुट्टी नाही. 'सॉरी, आई.' मी लिहिलं, काळजी घे. एवढंच, सरळ! लिहून झाल्यावर स्वतःचं कपाळ चाचपून बघितलं, ताप नव्हता.

डार्लीनबाईंचं ख्रिसमस कार्ड आलं. आत चकलीची कृती मागितलीय. पत्ता — 'सुमीडा, लाल दार, एनिस, आयर्लंड'. सारंगने सांगितलेली ती राखीची गोष्ट पूर्वाने तिला सांगितलेली दिसते, दोघी बोलतात म्हणे फोनवर! दार करडं झालं तरी कार्ड पोचलं. पोस्टमन म्हणाला, "दुसरं कोण असणार?"

२१ डिसेंबर, शनिवार

सकाळी अजून अंधारच होता, चहा ठेवत होते. दाराशी खुडबूड. कुलपात काहीतरी घुसतंय, फिरत नाही, परत घुसतंय. सारंग म्हणाला ब्रीडचं मांजर असेल. मांजराने एनिसच्या सुरात एक अस्सल शिवी हासडली.

मग पत्रांच्या फटीतून आवाज — मराठीत! पूर्ण वाक्यं, दोन:

"आई, किल्ली लागत नाहीये. खोली दिलीस का काय नर्सला?"